पालक असूनही ‘पालक’ व्हावं लागतं, ते का?

मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली की लवकरच बँकेत आईला विचारलं जातं, ‘पालकत्वाचं प्रमाणपत्र आणलंय का?’ बौद्धिक अक्षमता असलेल्या लेकराला जिनं एवढं वाढवलं, तिला हा प्रश्न आधी कळतच नाही. त्यात मराठीनं भर घातली आहे. जन्म देणारे आईबापही ‘पालक’ आणि दुसऱ्याच्या वतीनं सही करण्याचा अधिकार कायद्यानं ज्याला दिला तोही ‘पालक’. शाळेत पालकसभा भरते तेव्हा पहिला अर्थ असतो, अर्जाच्या नमुन्यात ‘पालकाची नेमणूक’ असं छापलेलं असतं तेव्हा दुसरा. अपंग, विकलांग, दिव्यांग या शब्दांवर आपल्याकडे भरपूर वाद झाले. या शब्दाबद्दल मात्र त्या मानानं फार थोडं बोललं गेलं, आणि कुटुंबांची जास्त दमछाक याच शब्दानं केली आहे.

मूल लहान असेपर्यंत अडत नाही. तोवर दोन कायद्यांचा आधार असतो: पालक व पाल्य अधिनियम १८९० चा आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ चा. त्यांतल्या ‘अज्ञान’चा अर्थ अल्पवयीन एवढाच, आणि अठरा पूर्ण झालेला तो ‘सज्ञान’. पैशांचा हिशेब लागत नाही, सही करता येत नाही, अशा मुलाबद्दल ‘तो आता सज्ञान झाला’ हे वाक्य कचेरीत ऐकताना आईबापांना काय वाटत असेल! पण कायद्याच्या लेखी त्या दिवशी त्यांचा अधिकार संपतो.

पूर्वी पुढची वाट १९१२ च्या वेडेपणाविषयीच्या कायद्यातून जात होती. त्याच्या व्याख्येत मनोरुग्ण आणि बौद्धिक अक्षमता असलेली माणसं एकाच शब्दाखाली कोंबलेली होती. म्हणजे मालमत्तेची देखभाल करायची तर आधी न्यायालयात आपलं मूल ‘वेडं’ ठरवून घ्यायचं. मग १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला आणि १९९३ मध्ये लागू झाला. त्यानं मनोरुग्णाच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता बाहेर काढली. ते योग्यच होतं, कारण हा आजार नव्हे. पण जुनं दार बंद करताना नवं कुणी उघडलं नाही. सज्ञान मुलांसाठी पालक नेमण्याची सोपी तरतूदच उरली नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यानं शिक्षण आणि नोकरीतलं आरक्षण दिलं, पण पालक नेमण्याबद्दल तो गप्प राहिला.

‘आमच्या पश्चात याचं कोण?’ हा प्रश्न घेऊन पालकांचे गट एकत्र आले, ते या पोकळीत. १९९९ च्या अखेरीस राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, तो त्यांच्या रेट्याविना झाला नसता असं मला ठामपणे वाटतं. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी तो होता. आईवडिलांच्या मृत्यूनंतरच्या देखभालीचा उल्लेख थेट त्याच्या उद्दिष्टांत आहे, आणि केंद्रानं एकदाच द्यायच्या १०० कोटी रुपयांच्या निधीची तरतूदही. सर्वांत मोठा बदल म्हणजे न्यायालयाची पायरी टळली. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि स्वतः अपंग असलेली एक व्यक्ती, अशा तिघांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा. पालकाची खरंच गरज आहे का, असल्यास कशासाठी, हे समितीनं पाहायचं. नेमलेल्या पालकानं सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब. हिशेबाची ही अट अर्ज करताना फार थोड्यांना सांगितली जाते. २००७ मध्ये बँकांनाही कळवण्यात आलं की या समितीचं प्रमाणपत्र ग्राह्य धरा. इथवर गोष्ट सरळ आहे.

गुंता झाला तो पुढे. २००६ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, पुढच्याच वर्षी भारतानं तो मान्य केला. त्याचं बारावं कलम म्हणतं की कायद्यापुढची क्षमता प्रत्येकाला आहे. निर्णय घेण्यासाठी आधार द्या, निर्णय काढून घेऊ नका. पालकत्वाच्या जुन्या कल्पनेवरच हा घाव होता. काही कार्यकर्त्यांना, विशेषतः स्वतः अपंग असलेल्यांना, पालकत्व पूर्ण जायला हवं होतं. तीव्र अक्षमता असलेल्या मुलांचे आईबाप विचारत होते, ‘जो बोलतच नाही त्याच्या पेन्शनच्या खात्याचं काय करू?’ दोघांचंही खरं होतं. तरी माझा कल आईबापांकडे जातो, कारण करारात सांगितलेला आधार देणारी यंत्रणा गावात, तालुक्यात उभीच नव्हती.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं मधला मार्ग काढला. एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या या कायद्याचं चौदावं कलम ‘मर्यादित पालकत्व’ देतं: ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळासाठी, त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार आणि तिच्याशी विचारविनिमय करून. ते देणार जिल्हा न्यायालय किंवा राज्यानं नेमलेला अधिकारी. इतर कायद्यांखाली नेमलेले पालकही यापुढे मर्यादितच समजले जातील, असंही त्यात आहे. मात्र १९९९ चा कायदा रद्द झाला नाही. त्यामुळे एकाच जिल्ह्यात दोन दारं झाली, आणि कुठल्या दारावर थाप मारायची हे सांगणारं माणूस शोधणं हेच एक काम होऊन बसलं.

सल्ल्याची गरज इथे सर्वांत जास्त, आणि मिळतो तो सर्वांत कमी. शीघ्र उपचार, विशेष शाळा, वाचा-उपचार, प्रमाणपत्रासाठीचं शिबिर, या सगळ्यांची घडण बालपणासाठी झाली आहे. विशेष शाळेतून मूल अठराव्या वर्षी बाहेर पडतं तेव्हा शाळेतल्या बाई, इतर पालक, व्हॉट्सॲपचा ग्रुप, सगळंच विरळ होत जातं. अर्ज कसा भरायचा हे बहुतेकांना कळतं ते आधी त्यातून गेलेल्या एखाद्या आईकडून.

चार गटांबाहेरच्यांचं आणखी कठीण आहे. दीर्घ मानसिक आजार असलेल्या सज्ञान मुलाच्या आईला स्थानिक समितीकडे जाता येत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचारांपुरता ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ देतो, पण बँक खातं आणि घर यांचा विचार त्यात नाही. तिच्यासाठी उरतं ते २०१६ चं चौदावं कलम आणि जिल्हा न्यायालय.