दोन चेतापेशींमधली रिकामी जागा

दहावीच्या वहीत चेतापेशीची आकृती काढताना सगळा जीव वृक्षिकांच्या फांद्यांवर खर्ची पडतो. मग पेशीकाय, त्यातून निघालेला लांबलचक अक्षतंतू, त्यावरचं तुटक तुटक मेदावरण आणि टोकाची बारीक बोटं. ती बोटं पुढच्या पेशीला टेकवायची नाहीत, हे आमच्या बाई दर वेळी बजावायच्या. थोडी जागा सोडायची, तिथं ‘संपर्कस्थान’ लिहायचं, गुण पक्के. ही जागा आहे की नाही, यावर युरोपातल्या शास्त्रज्ञांची साठ-पासष्ट वर्षं भांडणात गेली, हे मात्र तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

त्याआधीचा प्रश्न होता तो मज्जातंतूतून वाहतं काय, हा. आपण आजही ‘नस’ हा एकच शब्द रक्तवाहिनीला आणि मज्जातंतूला वापरतो. जुन्या युरोपीय वैद्यकातही मज्जातंतू म्हणजे पोकळ नळ्या आणि त्यांतून कसलंसं सूक्ष्म चैतन्य खेळतं, अशीच समजूत होती. बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानीनं बेडकाच्या कापलेल्या पायांना विजेनं झटके येतात हे १७९१ साली छापलं, तेव्हा त्या समजुतीला तडा गेला. पण वीज म्हटलं की वेग अफाट, तो कोण मोजणार? योहानेस म्युलर या मोठ्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाला तर हे कधी साधेल असं वाटत नव्हतं. त्याच्याच शिष्यानं, हेल्महोल्ट्झनं, १८५० साली ते करून दाखवलं. बेडकाचा मज्जातंतू एकदा स्नायूजवळ आणि एकदा लांबवर चेतवायचा, आणि स्नायू आकसायला दुसऱ्या वेळी किती उशीर होतो ते पाहायचं. वेग निघाला सेकंदाला तीसएक मीटर. म्हणजे धावत्या एक्स्प्रेस गाडीएवढा. तारेतल्या विजेच्या मानानं हा वेग किरकोळच, तेव्हा तंतू म्हणजे नुसती तार नव्हे, एवढं कळलं.

मेंदूत डोकावणं मात्र अवघड होतं. मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर सगळा गुंता, कुठली फांदी कोणाची ते कळत नसे. कामिल्लो गोल्जी हा तरुण डॉक्टर तेव्हा इटलीत अब्बियातेग्रास्सो गावच्या रुग्णालयात नोकरीला होता आणि स्वयंपाकघरात प्रयोग करत होता. १८७३ साली त्याला एक युक्ती सापडली. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवायचा, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवायचा. पिवळसर पार्श्वभूमीवर शंभरातल्या मोजक्याच पेशी काळ्याकुट्ट उमटतात, पण ज्या उमटतात त्या शेवटच्या फांदीपर्यंत. सगळ्या रंगल्या असत्या तर पुन्हा तोच चिखल झाला असता. बाकीच्या पेशी रंग घेत नाहीत, हीच या पद्धतीची खरी मेहेरबानी.

त्या काळ्या रेघांत गोल्जीला जाळं दिसलं. सगळे तंतू एकमेकांत मिसळलेले, मेंदूभर पसरलेलं एकसंध जाळं. त्या काळी बहुतेकांचं मत तेच होतं.

स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालनं गोल्जीच्या पद्धतीनं रंगवलेला काप पहिल्यांदा पाहिला तो १८८७ साली, माद्रिदमध्ये. लहानपणी त्याला चित्रकार व्हायचं होतं, वडिलांनी बळेच वैद्यकाला घातलं. हात चित्रकाराचाच राहिला. त्यानं रंगवण्याची क्रिया दोनदा केली आणि प्रौढ मेंदूऐवजी गर्भांचे आणि पिल्लांचे मेंदू घेतले, कारण त्यांच्या तंतूंवर मेदावरण अजून चढलेलं नसतं आणि रंग नीट बसतो. पक्ष्याच्या लहान मेंदूत त्याला तंतूंची टोकं मोकळी संपलेली दिसली. टोपलीसारखी दुसऱ्या पेशीभोवती वेढलेली, पण मिसळलेली नाहीत. छापायला नियतकालिक नाही, म्हणून त्यानं १८८८ साली पदरमोड करून स्वतःचंच काढलं, प्रती साठ. पुढच्या वर्षी स्वतःचे काप घेऊन तो बर्लिनच्या परिषदेला गेला आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलत एकेका प्राध्यापकाला त्यानं सूक्ष्मदर्शकापाशी आणलं. कोलिकर या नावाजलेल्या वृद्ध शरीररचनाशास्त्रज्ञानं पाहिलं आणि तो काहालच्या बाजूला आला. १८९१ साली वाल्डायर या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञानं या सुट्या पेशीला ‘न्यूरॉन’ हे नाव दिलं. काहालचं काम आपल्या नावाशी जोडून वाल्डायरनं आयती कीर्ती मिळवली असं मला वाटतं, पण नाव छान आहे यात वाद नाही.

१९०६ चं नोबेल गोल्जी आणि काहाल यांना विभागून मिळालं. एकाच व्यासपीठावर दोन वैरी. गोल्जीनं भाषणासाठी विषयच निवडला तो न्यूरॉन सिद्धांत खोडून काढण्याचा. दुसऱ्या दिवशी काहालनं तोच सिद्धांत मांडला.

दरम्यान इंग्लंडात चार्ल्स शेरिंग्टन वेगळ्याच वाटेनं त्या फटीपाशी आला होता. त्यानं काप पाहिले नाहीत, वेळ मोजला. प्रतिक्षिप्त क्रियेत संदेशाला जितका वेळ लागतो, तितका नुसत्या तंतूंची लांबी धरून भरत नाही. वाटेत कुठंतरी तो अडखळतो. शिवाय तो उलटा जात नाही. त्या अडखळण्याच्या जागेला १८९७ साली एका पाठ्यपुस्तकासाठी नाव हवं होतं. केंब्रिजमधल्या व्हेरॉल नावाच्या ग्रीक पंडितानं शब्द सुचवला, त्याचंच पुढं ‘सिनॅप्स’ झालं, म्हणजे आमच्या वहीतलं संपर्कस्थान.

फट आहे असं धरलं तरी ती ओलांडतं कोण? ठिणगी की रसायन? ऑस्ट्रियातल्या ग्रात्समध्ये ओटो लोवीला याचं उत्तर स्वप्नात मिळालं. रात्री उठून त्यानं कागदावर खरडलं आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तीनला तेच पुन्हा सुचलं. या खेपेस तो थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकाची दोन हृदयं, दोन्ही खारट द्रावात धडधडणारी. पहिल्याचा व्हेगस हा मज्जातंतू चेतवला, ठोके मंदावले. त्यातला द्राव उचलून दुसऱ्या हृदयात घातला, ज्याचा कुठलाच मज्जातंतू चेतवलेला नव्हता. तेही मंदावलं. १९२१ साली हे छापून आलं. ते द्रव्य ॲसिटिलकोलीन निघालं आणि १९३६ चं नोबेल लोवी व हेन्री डेल यांना मिळालं. दोन वर्षांनी नाझींनी लोवीला अटक केली, आणि नोबेलचे पैसे त्यांच्या हवाली केल्यावरच त्याला देश सोडता आला.

ठिणगीवाल्यांचा म्होरक्या जॉन एकल्स. मेंदूत आणि मज्जारज्जूत रसायनाला इतका वेळच नसतो, हे त्याचं म्हणणं. १९५१ साली न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये त्यानं मांजराच्या मज्जारज्जूतल्या पेशीत काचेची सुई घातली. ठिणगीचं म्हणणं खरं असेल, तर पेशीला रोखणारा संदेश आला की विजेचा दाब एका बाजूला सरकायला हवा होता, तो सरकला बरोबर उलटा. एकल्सनं त्याच प्रयोगावर आपली हार मान्य केली. असं सहसा घडत नाही.

पुढचा मजकूर भराभर भरत गेला. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी माकुळाच्या जाड अक्षतंतूवर काम करून १९५२ साली दाखवलं, की सोडियमचे आयन आत येतात, मग पोटॅशियमचे बाहेर जातात, आणि ही लाट तंतूवरून पुढं सरकते. बर्नार्ड काट्झनं दाखवलं, की ॲसिटिलकोलीन सुटं सुटं नाही, पुड्या बांधल्यासारखं ठरावीक मापात बाहेर पडतं. १९५४-५५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पुड्या दिसल्या आणि फटही दिसली. रुंदी साधारण २० नॅनोमीटर, केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग. तोवर काहाल आणि गोल्जी दोघंही हयात नव्हते.

सोडलेलं रसायन लगेच साफ व्हावं लागतं, नाहीतर संदेश थांबतच नाही. ॲसिटिलकोलीन तोडणारं विकर जागच्या जागी असतं म्हणून आपलं बोट हलतं आणि थांबतंही. आपल्याकडं फवारणीत वापरली जाणारी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं याच विकराला बांधून टाकतात. किडीचंही आणि माणसाचंही. विषबाधा झालेल्या माणसाच्या तोंडाला लाळ सुटते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत घरघर लागते. मग डॉक्टर ॲट्रोपीन देत राहतात, कारण ॲसिटिलकोलीन पुढच्या पेशीवर जिथं चिकटतं त्या ग्राहींच्या जागा ते अडवून बसतं. २०१७ साली यवतमाळात कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा हा सगळा तपशील मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होता. फक्त सिनॅप्स हा शब्द तिथं क्वचित आला.

वाद पूर्ण मिटला असंही नाही. १९५९ साली फर्शपन आणि पॉटर यांनी क्रेफिश या झिंग्याच्या जातभाईत खरोखरच विजेनं चालणारा सिनॅप्स दाखवला. पुढं असे सिनॅप्स सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही सापडले. हॉजकिन-हक्स्लींनी वापरलेला माकुळाचा तो जाड तंतू तर अनेक पेशींचे तंतू वितळून एक होऊन बनतो. आणि २०२३ साली कंगवा-जेली नावाच्या पारदर्शक समुद्री जिवाच्या पिल्लावस्थेतलं चेताजाळं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं गेलं. त्यात पेशी एकमेकींना टेकलेल्या नव्हत्या, फटही नव्हती. त्या एकमेकींत मिसळलेल्या होत्या, गोल्जी म्हणाला होता तशा.