आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा, गोव्यातील

अपघात, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, सर्पदंश, बुडणे, बाळंतपणातील गुंतागुंत अशा प्रसंगी रुग्ण असेल तिथे पोहोचून जागेवरच उपचार सुरू करणारी आणि त्याला योग्य त्या इस्पितळात नेणारी सार्वजनिक सेवा. गोव्यात ती ‘१०८’ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकाने ओळखली जाते आणि ५ सप्टेंबर २००८ पासून चालू आहे. खर्च सरकार उचलते आणि दैनंदिन कामकाज ईएमआरआय ही ना-नफा संस्था पाहते.

भारतात संपूर्ण देशासाठी एकच रुग्णवाहिका संघटना नाही, कारण सार्वजनिक आरोग्य व इस्पितळे हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांच्या अखत्यारीत येतो. अन्य काही देशांत चित्र वेगळे आहे. इस्रायलमध्ये १९३० साली स्थापन झालेल्या मागेन दाविद अदोम या संस्थेकडे १९५० च्या कायद्याने रुग्णवाहिका आणि रक्तसंकलन ही दोन्ही कामे सोपवण्यात आली, आणि २००६ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस चळवळीत राष्ट्रीय संस्था म्हणून स्थान मिळाले. भारतीय रेडक्रॉस सोसायटी १९२० च्या कायद्यान्वये अस्तित्वात आली. तिने रक्तपेढ्या आणि आपत्तीतील मदतकार्य, तर सेंट जॉन ॲम्ब्युलन्सने प्रथमोपचाराचे शिक्षण ही क्षेत्रे सांभाळली, पण घरोघरी पोहोचणारे वाहनांचे देशव्यापी जाळे त्यातून उभे राहिले नाही. ती उणीव भरून काढण्यास २००५ मध्ये हैदराबादेत आरंभ झाला. ‘सत्यम’ या संगणक कंपनीचे संस्थापक रामलिंग राजू यांच्या पुढाकाराने ईएमआरआय स्थापन झाली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला तत्कालीन आंध्र प्रदेशात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. गुजरात व उत्तराखंड यांच्यापाठोपाठ ती गोव्यात आली. २००९ मध्ये सत्यममधील आर्थिक घोटाळा उघडकीस आल्यावर संस्थेची धुरा जीव्हीके उद्योगसमूहाने घेतली. रस्त्यावरच्या सेवेत मात्र खंड पडला नाही.

गोव्यात वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८४२ च्या ‘एस्कोला मेडिका’पासूनची आहे, म्हापशाचे आझिलो आणि मडगावचे हॉस्पिसियो या इस्पितळांची नावे तर कित्येक पिढ्यांच्या तोंडी आहेत. तरीही २००८ पूर्वी वाड्यावरचा, म्हणजे गावातल्या वस्तीवरचा, रुग्ण इस्पितळात पोहोचायचा तो बहुधा शेजाऱ्याच्या गाडीतून, टॅक्सीतून किंवा आरोग्य केंद्राच्या एखाद्या वाहनातून. वाटेत त्याच्याजवळ नातेवाईक असत; श्वासनलिका मोकळी ठेवणारे, रक्तस्राव थांबवणारे प्रशिक्षित हात नसत. उपचार इस्पितळाच्या दारात सुरू होत. हा आरंभबिंदू दारातून उचलून घटनास्थळी आणणे, हेच १०८ चे गोव्याला मिळालेले सर्वांत मोठे योगदान मानावे लागेल. वाहनांची संख्या ही त्यामानाने दुय्यम गोष्ट आहे.

कॉल नियंत्रण केंद्रात येतो तेव्हा तो घेणारा कर्मचारी प्रथम ठिकाण विचारतो. गोव्यात हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. गावात घरक्रमांकावरून घर शोधणारे थोडेच. लोक वाडा, देऊळ, कपेल (लहान चर्च), खुरीस (क्रूस), तिठा किंवा एखादे जुने दुकान यांच्या खुणेने पत्ता सांगतात आणि पर्यटकाला बहुतेक वेळा आपण कोणत्या गावाच्या हद्दीत आहोत हेही ठाऊक नसते. ठिकाण निश्चित होताच जवळची मोकळी रुग्णवाहिका धाडली जाते. तिच्यावर दोघे असतात: चालक, ज्याला या सेवेत ‘पायलट’ म्हणतात, आणि आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, म्हणजेच ‘ईएमटी’. गुंतागुंतीच्या प्रसंगी ईएमटी केंद्रातील डॉक्टरांशी फोनवर बोलून औषधाविषयी सल्ला घेतो. वाहन पोहोचेपर्यंत काय करावे आणि काय करू नये, हेही फोन करणाऱ्याला सांगितले जाते. हा टप्पा लोकांच्या फारसा ध्यानात येत नाही, पण हृदय थांबलेल्या माणसाच्या छातीवर दाब देण्यास शेजाऱ्याने पहिल्या दोन-चार मिनिटांत सुरुवात केली नाही, तर नंतर आलेल्या सुसज्ज गाडीलाही फारसे काही करता येत नाही.

राष्ट्रीय रुग्णवाहिका संहितेने (एआयएस–१२५) वाहनांचे चार प्रकार ठरवले आहेत: प्रथम प्रतिसादाचे वाहन, रुग्ण वाहून नेणारे वाहन, मूलभूत जीवरक्षक सुविधांचे वाहन आणि प्रगत जीवरक्षक सुविधांचे वाहन. शेवटच्या प्रकारात व्हेंटिलेटर आणि हृदयाला विजेचा झटका देणारे डिफिब्रिलेटर असते. गोव्यात २०१८ मध्ये दुचाकी रुग्णवाहिकाही आल्या. किनारपट्टीवरच्या अरुंद, पर्यटनाच्या हंगामात तुंबणाऱ्या रस्त्यांवर प्राणवायू आणि प्रथमोपचाराचे साहित्य घेऊन दुचाकीवरचा ईएमटी आधी पोहोचतो, उपचार सुरू करतो आणि मागून मोठी गाडी येते. समुद्रकिनाऱ्यांवर २००८ पासून दृष्टी संस्थेचे जीवरक्षक तैनात असल्याने बुडणाऱ्याला पाण्याबाहेर काढण्याचे काम ते करतात आणि पुढची जबाबदारी १०८ घेते.

या सेवेचा खरा कस मात्र किनाऱ्यावर लागत नाही. अवघ्या ३,७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात अंतरे किरकोळ असतील असा समज होतो, आणि तो दिशाभूल करणारा आहे. मेंदूची शस्त्रक्रिया किंवा गंभीर हृदयविकारावरील उपचार यांसाठी सरकारी व्यवस्थेतील मुख्य ठिकाण बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे गोमेकॉ, हेच आहे. काणकोणच्या चावडीपासून ते साठ-पासष्ट किलोमीटरवर असून वाटेत करमल घाटाची वळणे आहेत. दक्षिण गोव्यातून निघालेल्या गाडीला पुढे कुठ्ठाळी आणि आगशी यांच्यामधील जुवारी नदी ओलांडावी लागते. जुन्या पुलावरील वाहतूक कोंडीत रुग्णवाहिका अडकणे ही अनेक वर्षे नित्याची बाब होती. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या पुलाची पहिली बाजू खुली झाल्यावर हा अडसर बराच कमी झाला. दिवाडी बेटावर अजूनही फेरीबोटीनेच जावे लागते, त्यामुळे तेथील रुग्णाचा वेळ रस्त्याइतकाच धक्क्यावरही मोजला जातो. सत्तरी, सांगे, धारबांदोडा या डोंगराळ तालुक्यांत काही वाडे असे आहेत की मोबाइलची रेंज मिळवण्यासाठीच घरातून बाहेर पडून उंचावर जावे लागते. काजूच्या बागेत सर्पदंश झालेल्या कामगारासाठी रुग्णवाहिका किती वेळात आली याइतकेच महत्त्व जवळच्या आरोग्य केंद्रात प्रतिविष उपलब्ध आहे की नाही याला असते.

म्हणूनच रुग्णवाहिकेचा विचार इस्पितळांच्या साखळीपासून वेगळा काढून करता येत नाही. म्हापसा व मडगाव येथील जिल्हा इस्पितळे, फोंडा आणि चिखली येथील उपजिल्हा इस्पितळे तसेच तालुक्यांतील आरोग्य केंद्रे हे तिचे टप्पे आहेत. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यावर वेळीच उपचार करणाऱ्या ‘स्टेमी गोवा’ या उपक्रमात हे नाते स्पष्ट दिसते. परिघावरील केंद्रात रुग्णाचा ईसीजी काढून तज्ज्ञांकडे पाठवला जातो, झटका निश्चित झाल्यास गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच दिले जाते आणि त्यानंतर १०८ मधून रुग्णाला गोमेकॉत हलवले जाते. हृदयाच्या स्नायूंची हानी मिनिटागणिक वाढत असल्याने प्रवास संपण्याची वाट न पाहता औषध देण्याची ही पद्धत दूरच्या तालुक्यांना विशेष उपकारक आहे. मात्र एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात अशा बदल्या वाढल्या की तेवढा वेळ त्या भागातील गाडी बाहेर राहते, आणि तिथेच नवा अपघात झाल्यास दुरून गाडी बोलवावी लागते. नियोजन करताना या ताणाचा हिशेब आधी मांडायला हवा. कोविडकाळात, मडगावचे ईएसआय इस्पितळ कोविड रुग्णांसाठी राखीव झाले तेव्हा, संसर्गित रुग्णांची वाहतूक आणि नेहमीचे कॉल ही दोन्ही ओझी याच यंत्रणेवर पडली होती.

कायद्याचा आधार टप्प्याटप्प्याने मिळत गेला. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये, जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असून पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार लांबवता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण देते. त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. त्याच दुरुस्तीतील कलम १९४ई नुसार रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्या चालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.