एनडीटी ते एटी : साताऱ्याच्या रस्त्यांवर ऑफ-रोड टायर कसा आला

थार, जिमनी, गुरखा अशा जीपवजा गाड्यांची संख्या साताऱ्यात वाढली तसा टायरच्या दुकानात एक प्रश्न रोज ऐकू येऊ लागला : ‘एटी टाकू की एमटी?’ एटी म्हणजे ऑल-टेरेन, सगळ्या प्रकारच्या जमिनीसाठीचा टायर; एमटी म्हणजे मड-टेरेन, खास चिखलासाठीचा. विचारणाऱ्याची गाडी आठवडाभर डांबरावरच असते. ऑफिस, मुलांची शाळा, मधूनच पुणे. सुट्टीच्या दिवशी ठोसेघर, चाळकेवाडी, फार तर पाटणच्या बाजूचा एखादा मुरमाड रस्ता. प्रश्न चिखलाचा वाटतो, पण निम्म्याहून जास्त तो डांबराचा आहे. ऑल-टेरेन टायर जन्माला आला तोही याच पेचातून, फक्त तो पेच इथला नव्हता.

सुरुवात अर्थातच जीपपासून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांकडून मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवून घेतल्या. त्यांच्या ६.००-१६ मापाच्या टायरांवर जाड आडव्या पट्ट्या असत, कुठल्याही बाजूने पाहिलं तरी सारख्याच. लष्करी नाव नॉन-डायरेक्शनल ट्रेड, म्हणजेच एनडीटी. रणांगणावर गाडीला जितक्या जोरात पुढे जायचं असतं तितक्याच जोरात मागेही यावं लागतं, म्हणून ही नक्षी. ट्रॅक्टरच्या टायरवरचे बाण एकाच दिशेने फिरताना चिखल बाहेर फेकतात, उलट फिरवले की तोच चिखल मध्ये दाबतात. एनडीटीत ही भानगड नव्हती, आणि कुठलाही टायर कुठल्याही चाकाला कसाही चढवता यायचा. डांबराचा विचार मात्र त्यात कोणी केलेलाच नव्हता. पक्क्या रस्त्यावर हा टायर भुंग्यासारखा घूं घूं करतो, पट्ट्यांच्या कडा झिजून करवतीसारख्या होतात, आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारला तर पाणी कापायला बारीक चिरा नसल्याने गाडी घसरत जाते.

युद्ध संपलं आणि ‘डिस्पोजल’च्या जीपा लिलावात निघाल्या. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीसच्या जीपा जुळवायला घेतल्या. साताऱ्याच्या डोंगरी तालुक्यांना जीप ओळखीची झाली ती मुख्यतः सरकारी कामांमुळे : पाटबंधारे, वनखातं, पोलीस, आणि १९५० च्या दशकात सुरू झालेला कोयना प्रकल्प. तेव्हा पाटण-जावळीच्या आतल्या भागात डांबर हा अपवाद होता. त्यामुळे ‘रस्त्यावरही चालेल का?’ असा प्रश्न टायरला कोणी विचारत नव्हतं.

तो प्रश्न खऱ्या अर्थाने उभा केला वडापने, म्हणजे जीपांच्या खासगी प्रवासी वाहतुकीने. एसटी जिथे दिवसातून एक-दोनदाच जायची, तिथे कमांडर, ट्रॅक्स यांसारख्या जीपा माणसं कोंबून धावू लागल्या. मेढा, कोरेगाव, उंब्रज, ढेबेवाडी. मधला रस्ता डांबरी, शेवटचा तुकडा खडीचा किंवा मातीचा. वडापवाल्याने यावर काढलेला तोडगा मला आजच्या कित्येक थारवाल्यांच्या निवडीपेक्षा शहाणपणाचा वाटतो. पुढच्या चाकांना उभ्या रेषांचे टायर, मागच्या चाकांना जाड आडव्या नक्षीचे. स्टिअरिंग आणि बरचसं ब्रेकिंग पुढच्यांवर, ओढ मागच्यांवर. ट्रकवाल्यांची जुनीच रीत, पण टू-व्हील ड्राइव्ह जीपला चपखल बसणारी. नक्षी संपून टायर गोटा झाला की रिमोल्ड करून, म्हणजे वर नवी नक्षी चढवून, पुन्हा मागे चढवायचा. आजच्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत मात्र ही युक्ती चालत नाही. फोर-व्हील लावल्यावर पुढची-मागची चाकं एकाच गतीने फिरावी लागतात. टायरच्या घेरात फरक असला की ताण सगळा गिअरवर येतो.

या काळात जीपचे टायर बांधणीनेही जुनेच, म्हणजे बायस होते. बायस टायरमध्ये आतल्या दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके असतात. बाजूची भिंत जाड होते, धारदार खडकाने सहसा फाटत नाही, आणि ट्यूब असल्याने गावातला पंक्चरवालाही काम भागवतो. पण भिंत आणि नक्षी एकत्रच वाकतात, टायर तापतो, लवकर झिजतो. मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियलचं पेटंट घेतलं. त्यात दोरे आडवे, चाकाच्या मध्याकडून बाहेर जाणारे, आणि नक्षीखाली पोलादी पट्टा. भिंत मऊ राहते, नक्षी जमिनीला सपाट चिकटते. भारतात जेके टायरने रेडियल आणला तो १९७७ मध्ये, आणि गाड्यांमध्ये तो रुळायला पुढे बरीच वर्षं गेली. ओव्हरलोड जीपवाल्याला भिंतीचा जाडपणा हवा होता, पुण्यापर्यंतच्या प्रवासातला आराम नव्हे.

अमेरिकेत तोवर वेगळंच घडत होतं. तिथे पिकअप आणि जीप हौसेसाठी घेतल्या जाऊ लागल्या होत्या. आठवडाभर महामार्ग, रविवारी वाळवंट. बीएफ गुडरिचने १९७६ मध्ये रेडियल बांधणीचा ऑल-टेरेन टायर बाजारात आणला आणि १९८० मध्ये मड-टेरेन. आज एटी आणि एमटी म्हणून जे विकलं जातं त्याचा साचा तिथे पडला. एटीत नक्षीचे ठोकळे एकमेकांत अडकवलेले, त्यामुळे आवाज कमी. ठोकळ्यांवर बारीक चिरा, ओल्या डांबरासाठी. खाचा मध्यम रुंद. एमटीत ठोकळे मोठे आणि सुटे, खाचा खोल, चिरा जवळजवळ नाहीतच. एटीची पारख झाली मेक्सिकोतल्या बाहा प्रांताच्या वाळवंटी शर्यतींत : कोरडं, दगडगोट्यांचं, वेगवान रान. पुढे त्यात बर्फाची भर पडली. टायरवर दिसणारी ‘एम अँड एस’ ही अक्षरं चिखल आणि बर्फ यांच्यासाठी आहेत, पण ती केवळ खाचांच्या मापावरून मिळतात, प्रत्यक्ष चाचणीवरून नव्हे. १९९९ पासून आलेलं तीन शिखरांमधल्या हिमकणाचं चिन्ह चाचणीनंतरच मिळतं, पण ती चाचणी दाबलेल्या बर्फावरची. वाई-पाचगणीला तिचा काय उपयोग?

आपली जमीन वेगळी आहे. या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माण-खटावला पाचशेच्या आसपास. पश्चिमेला जांभा आणि लाल मुरूम, कृष्णाकाठी काळी माती. मुरमावर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या रस्त्यांसारख्या ठिकाणी, एटी उत्तम चालतो. त्याची पारख अशाच कठीण, सुट्या दगडांच्या जमिनीवर झालेली आहे. अशा रस्त्यावरून आल्यावर टायरची नक्षी जवळून पाहावी. खाचेच्या तळाशी ठोकळ्यांच्या मध्ये रबराचे बारीक उंचवटे असतात. खडा आत रुतून थेट पोलादी पट्ट्यापर्यंत जाऊ नये, उलट बाहेर ढकलला जावा, म्हणून ते ठेवलेले असतात. स्वस्त टायरांत बहुधा पहिली काटछाट इथेच होते.

काळ्या मातीचं गणित वेगळं. पाण्याने फुगणारी ही चिकणमाती दोन-चार फेऱ्यांत एटीच्या खाचा भरून टाकते आणि टायर गोटा झाल्यासारखाच होतो. एमटी थोडा जास्त तग धरतो, पण त्यालाही ती माती फेकून द्यायला चाक वेगात फिरवावं लागतं. रेठरे किंवा भुईंजच्या शिवारात पावसानंतर रुतलेली गाडी शेवटी बाणांच्या नक्षीचा ट्रॅक्टरच काढतो. म्हणून ‘आपल्याकडे चिखल आहे, एमटीच घे’ हा सल्ला मला पटत नाही. ज्या चिखलासाठी तो घ्यायचा तिथे तो पुरत नाही, आणि उरलेल्या वेळी डांबरावर त्याची किंमत मोजावी लागते.

ती किंमत कुठे मोजावी लागते तेही ठरलेलं आहे. पसरणी, केळघर, यवतेश्वर, कुंभार्ली. पावसाळ्यात घाटाची वळणं धुक्यात आणि डांबरावरून पाणी वाहतंय. शिवाय उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली माती रस्त्यावर येते, त्यावर अवकाळीची एखादी सर पडली की डांबरावर साबणासारखा थर बसतो. तिथे ठोकळे किती मोठे याला अर्थ नाही. चिरा किती आणि रबर किती मऊ याला आहे. साताऱ्यात राहणाऱ्याने टायरची निवड चिखलावरून न करता या वळणांवरून करावी, असं माझं मत आहे. बहुतेकांसाठी ती फार जाड नक्षी नसलेल्या एटीवर येऊन थांबते. फक्त डांबर आणि क्वचित मुरूम असेल तर कंपनीचा हायवे टायरही पुरतो. (कास पठार या हिशेबात धरूच नये. तिथे मातीचा थर इंच-दीड इंचाचा, आणि २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे. रस्ता सोडून चाक घालण्याची ती जागाच नव्हे.)

२०२० च्या नव्या थारला कारखान्यातूनच एटी टायर आले, तेव्हापासून निवडीचा प्रश्न उलटा झाला : गाडीला ऑफ-रोड टायर हवेत का, याऐवजी अजून मोठे हवेत का. २०२३ च्या जिमनीला मात्र रस्त्याचेच टायर होते, १९५/८० आर १५, म्हणून तिच्याबाबत बदलाची हौस जास्त. २१५/७५ आर १५ टाकला तर व्यास साधारण दीड टक्क्याने वाढतो, हे खपून जातं. २३५/७५ घातला की वाढ जवळपास सहा टक्के. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ च्या घरात असते, पिकअप मंदावतो, आणि चाक पूर्ण वळवलं की रबर मडगार्डला घासतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं, आणि अपघातानंतर विमा कंपनीला हरकत घ्यायला जागा मिळते. माप तीन टक्क्यांच्या आत ठेवावं, असं जाणकार सांगतात ते यासाठी.

कायद्याने ओल्या डांबराकडे लक्ष दिलं ते अगदी अलीकडे. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको हा नियम जुना आहे, पण नव्या टायरची ओल्या रस्त्यावरची पकड किती असावी याची अट केंद्राने २०२२ मध्ये घातली. ती नव्या रचनेच्या टायरांना त्याच ऑक्टोबरपासून आणि आधीच्या रचनांना एप्रिल २०२३ पासून लागू झाली. म्हणूनच मोठ्या मापाचा टायर दुकानात उरलेल्या साठ्यातून निघाला तर बाजूच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत. १८२२ म्हणजे २०२२ च्या अठराव्या आठवड्यात बनलेला. एमटी टायर इथे कमी खपतात आणि दुकानात जास्त दिवस पडून राहतात. तोवर रबर कडक होत जातं, आणि त्याचा परिणाम सगळ्यात आधी ओल्या घाटात कळतो.