काळी बिअर म्हणजे कडक बिअर? मुळीच नाही

ग्लासात काळीभोर बिअर दिसली की कुणीतरी हमखास बजावतं, "जपून, ही लगेच चढते." हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय आणि तो साफ चुकीचा आहे. आयर्लंडची गिनेस ड्राफ्ट काळी, पण तिच्यात अल्कोहोल जेमतेम ४.२ टक्के. बेल्जियमची डुव्हेल सोनेरी, आणि तिच्यात ८.५ टक्के! आपल्याकडे 'स्ट्राँग' म्हणून खपणाऱ्या बहुतेक बाटल्याही पिवळ्याच असतात.

काळा रंग येतो तो कॉफीसारख्या खरपूस भाजलेल्या जवातून, आणि त्यासाठी असे थोडेसे जवही पुरतात. चढणं ठरतं ते साखरेचं अल्कोहोल करणाऱ्या यीस्टला किती साखर मिळाली यावर. इम्पीरियल स्टाउट ही काळी बिअर खरोखर कडक असते, पण ती माल्ट, म्हणजे ज्यातून साखर मिळते ते मोड आणून वाळवलेलं जव, भरपूर असल्यामुळे.

नाताळच्या सुमारास युरोप-अमेरिकेत दालचिनी, जायफळ, संत्र्याची साल घालून काळी बिअर करतात. तिच्याबद्दल आणखी एक गैरसमज: मसाल्याची, म्हणजे तिखट. चव घेऊन बघा, पण बर्फगार नको. थंडीत सुगंध दबतो. १०-१२ अंशांवर येऊ द्या. आधी नाकाला दालचिनी, मग जिभेवर कडवट कोको, आणि घोट गिळल्यावर मागाहून जायफळ.

लवंगेचा वास आला, तरी लवंग घातलीच असेल असं नाही. जर्मनीच्या डुंकेलवाइत्सेन या गव्हाच्या गडद बिअरमध्ये तो वास यीस्टच तयार करतं. मला तर ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

कडकपणा जाणून घ्यायचाय? लेबलावरचा टक्का वाचा.