खिशातल्या रिव्हॉल्व्हरची गोळी आणि मूठ

दोन इंची नळी, पाच गोळ्या आणि जेमतेम अर्धा किलो वजन. असे रिव्हॉल्व्हर हाती आले की दोन प्रश्न पडतात: काडतूस कोणते भरायचे आणि मूठ कोणती बसवायची. दुकानात या दोन गोष्टी वेगवेगळ्या कपाटांत असतात. अमेरिकेतल्या गेल्या शंभर वर्षांचा इतिहास मात्र सांगतो की हा एकच प्रश्न आहे. हत्यार हलके करत नेले, धक्का वाढला, आणि मग कधी काडतूस सौम्य करून तर कधी मूठ बदलून त्याची भरपाई करावी लागली.

काडतूस आधी आले, छोटे रिव्हॉल्व्हर नंतर. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी बंदूक-कंपनीने .३८ स्पेशल हे काडतूस १८९८ च्या सुमारास आणले, ते चार-सहा इंची नळीच्या पूर्ण आकाराच्या पोलिसी रिव्हॉल्व्हरसाठी. गोळी शिशाची, गोल टोकाची, १५८ ग्रेनची, म्हणजे सुमारे दहा ग्रॅमची. काडतुसाची लांबी काळ्या दारूच्या हिशेबाने ठरलेली होती. धूर न करणारी दारू जागा कमी घेते, त्यामुळे नव्या दारूवर आत बरीच पोकळी उरली. पुढच्या पिढ्यांना जास्त जोराचे काडतूस भरण्याचा मोह झाला, त्याला ही पोकळीही थोडीफार जबाबदार आहे.

१९२० च्या दशकात कोल्ट कंपनीतल्या जॉन हेन्री फिट्झगेराल्ड यांनी मोठी रिव्हॉल्व्हर कापून खिशाजोगी करायला सुरुवात केली. नळी छाटायची, घोड्याची (काडतुसावर आपटणाऱ्या हातोडीची) शेपटी उडवायची, चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भाग काढून टाकायचा. (हे शेवटचे काम आज कुणी केले तर नेमबाजीच्या मैदानावर त्याला उभे करणार नाहीत, आणि ते योग्यच.) १९२७ मध्ये कोल्टने डिटेक्टिव्ह स्पेशल बाजारात आणले: दोन इंची नळी, सहा गोळ्या, वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास.

आजच्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा साचा पक्का झाला तो १९५० मध्ये. कोलोरॅडो स्प्रिंग्जला पोलीसप्रमुखांची परिषद भरली होती, तिथे स्मिथ अँड वेसनने पाच गोळ्यांचे नवे रिव्हॉल्व्हर मांडले. ‘चीफ्स स्पेशल’ हे नाव त्याला तिथेच मिळाले. सहाऐवजी पाच गोळ्या, त्यामुळे गोळ्या भरायचे फिरते चक्र बारीक झाले आणि सगळेच आटोपशीर झाले. मूठ मात्र नावापुरतीच होती. सांगाड्याच्या दोन बाजूंना लाकडाच्या दोन पातळ चकत्या, चापाच्या कड्यामागे मोकळी फट, आणि करंगळीला धरायला काहीच नाही.

दुखणे या फटीतून सुरू होते. गोळी सुटली की रिव्हॉल्व्हर मागे तर येतेच, शिवाय हातातल्या हातात वर फिरते. फट रिकामी असेल तर चापाचे कडे मधल्या बोटाच्या सांध्यावर आदळते. वजनाचा हिशेबही निष्ठुर आहे. तेच काडतूस निम्म्या वजनाच्या हत्यारातून झाडले तर हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. एवढे कळूनही कंपन्या वजन उतरवत राहिल्या, कारण रोज कमरेला बाळगणाऱ्याला वजन दिवसभर जाणवते, धक्का मात्र झाडण्यापुरताच.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अॅल्युमिनियमचा सांगाडा आला. अमेरिकी हवाई दलाला वैमानिकांसाठी त्याहूनही हलके हत्यार हवे होते, म्हणून चक्रसुद्धा अॅल्युमिनियमचे केले. चक्र नेहमीच्या काडतुसाचा दाब सोसेना. मग या हत्यारांसाठी १३० ग्रेनची, धातूचे कवच असलेली, कमी दाबाची एम-४१ ही खास गोळी ठरवण्यात आली. तरीही ती रिव्हॉल्व्हरे अखेर परत मागवून बहुतेक नष्ट केली गेली, आणि नागरी बाजारात चक्र पुन्हा पोलादाचे झाले. कोणती गोळी घालायची हे आधी हत्याराला विचारावे लागते, याचे इतके उघड उदाहरण दुसरे नाही.

मुठीचे उपाय बहुतेक कारखान्याबाहेरच्या कारागिरांनी शोधले. ओक्लाहोमातल्या मेल्विन टायलर यांचा टी-ग्रिप हा धातूचा छोटा तुकडा. तो मूळच्या लाकडी चकत्यांमध्ये अडकतो आणि चापामागची फट भरून काढतो, इतकेच. माझ्या मते सगळ्यांत शहाणा उपाय हाच, कारण आकार जवळजवळ वाढतच नाही. लॉस एंजेलिसच्या पॅकमायर यांनी रबरी मुठी आणल्या. त्या धक्का छान गिळतात, पण कोटाच्या अस्तराला चिकटतात आणि खिशातून हत्यार काढताना कापडही वर येते. बरामी कंपनीच्या प्लास्टिकच्या मुठीला उजव्या बाजूला ओठ होता. तो पट्ट्यावर अडकवला की म्यानाची गरज उरत नसे. पुढे क्रेग स्पेगल यांच्या आखूड ‘बूट ग्रिप’ने मधला मार्ग काढला. फट भरते, बोटांना खाचा मिळतात, आणि सांगाड्याच्या बुडाखाली काही लोंबत नाही. करंगळी अधांतरी राहते ती राहतेच.

गोळीच्या बाजूने गोंधळ जास्त झाला. गोल टोकाची जुनी गोळी आरपार जाते आणि परिणाम कमी करते, ही पोलिसांची जुनी तक्रार होती. १९६० च्या दशकात ली जुरास यांच्या सुपर व्हेल कंपनीने हलक्या, वेगवान, पोकळ टोकाच्या (लागल्यावर टोक उमलून रुंद होणाऱ्या) गोळ्यांची लाट आणली. १९७० च्या दशकात वाढीव दाबाचे ‘प्लस-पी’ काडतूस रूढ झाले, आणि शिशाची पोकळ टोकाची १५८ ग्रेनची गोळी एफबीआयने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने, स्वीकारली. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. तिथे एक ९ मिलिमीटरची गोळी हल्लेखोराच्या हृदयापर्यंत पोचण्याआधीच थांबली होती. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यांवरच्या चाचण्या ठरवल्या: गोळी किमान १२ इंच आत गेली पाहिजे, जाड कपड्यांतूनसुद्धा.

या कसोटीत दोन इंची नळी उघडी पडली. आखूड नळीत गोळीला वेग मिळत नाही. वेग नाही तर पोकळ टोक नीट उमलत नाही, आणि टोकात कापड भरले तर मुळीच उमलत नाही. मग काडतुसे बनवणाऱ्या स्पीअर कंपनीने आखूड नळीसाठीच १३५ ग्रेनची गोळी काढली. दुसरीकडे बरेच अनुभवी लोक निशाणेबाजीच्या १४८ ग्रेनच्या सपाट टोकाच्या ‘वॅडकटर’कडे वळले. ती उमलत नाही, पण धारदार कडेने सरळ आत जाते आणि धक्का फारच कमी देते. घाईत भरायला मात्र ती त्रासदायक, टोक सपाट असल्याने चक्राच्या भोकात पटकन सरकत नाही. साडेतीनशे ग्रॅमच्या आतल्या स्कँडियम-मिश्रित अॅल्युमिनियमच्या रिव्हॉल्व्हरांत तर .३५७ मॅग्नम हे कितीतरी जोरदार काडतूसही झाडता येते. त्यांच्या नळीवर १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नये, असा ठसाच असतो. शिवाय इतक्या हलक्या हत्यारात झटक्याने न झाडलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकून चक्र अडकू शकते. असले हत्यार कौतुकाने घेणारे बरेच, पण त्यातून शंभर गोळ्या हौसेने झाडणारा विरळाच.

भारतात ही निवड बाजारापेक्षा परवान्याने जास्त ठरवली. नागरिकांसाठी रूढ झालेले काडतूस .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. ते १८९६ चे, म्हणजे .३८ स्पेशलहूनही जुने. गोळी शिशाची, सुमारे ९८ ग्रेनची, आणि ऊर्जा .३८ स्पेशलच्या निम्म्याच्या जवळपास. याच काडतुसाचा वॅडकटर अवतार २५ मीटर सेंटर-फायर पिस्तूल स्पर्धेत चालतो. जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुणांसह सुवर्ण मिळवले, ते याच प्रकारात.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर वेब्ली मार्क ४ या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या वळणाचे, मधून मोडून उघडणारे, सातशे ग्रॅमच्या घरातले. २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ टायटॅनियम मिश्रधातूचे, पाचशे ग्रॅमचे. तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. काडतुसे सरकारी निर्माणीची. बुडावर ‘केएफ’ ठसा असेल तर ती पुण्याच्या खडकीतली, १८६९ मध्ये सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्यातली. इथला परवानाधारक गोळ्यांचे वजन आणि टोके तुलना करत बसत नाही. परवान्यावर लिहिलेल्या बोअरचे (नळीच्या मापाचे) जे मिळेल ते तो नोंद करून घेतो. निवडायला उरते ती मूठ, आणि .३२ चा धक्का इतका मवाळ की तिच्यावर खर्च करणारेही थोडेच.