वजनवाढीची भीती : मापन

आपले वजन वाढेल, आपण लठ्ठ होऊ, ही वजन उतरले तरी न ओसरणारी भीती किती तीव्र आहे हे ठरवण्याच्या मानसशास्त्रीय पद्धती. त्यांचा वापर मुख्यतः अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा (अन्न टाळून वजन धोकादायक पातळीपर्यंत घटवण्याचा विकार) व बुलिमिया (अतिखाणे व नंतर ओकारी काढणे यांसारखे उपाय करण्याचा विकार) यांच्या अभ्यासात होतो.

ही भीती अ‍ॅनोरेक्सियाचा गाभा केव्हापासून मानली गेली, याबद्दल एकमत नाही. फ्रेंच वैद्य शार्ल लासेग (१८७३) व इंग्रज वैद्य विल्यम गल (१८७४) यांच्या मूळ वर्णनांत अन्न नाकारणे आहे, पण लठ्ठपणाच्या भयाला फारसे स्थान नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ प्येर जाने यांनी १९०३ मध्ये वर्णिलेल्या ‘नादिया’ या रुग्णेत मात्र ते ठळक दिसते. निदानाचा निकष म्हणून त्याची मांडणी साधारणपणे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जेरल्ड रसेल यांच्या १९७० च्या सुमाराच्या लेखनापासून धरतात, आणि ते अधिक ग्राह्य वाटते. एका रुग्णेवरून निकष ठरत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत तो १९८० मध्ये आला.

गोल्डफार्ब व सहकाऱ्यांची १९८५ ची मापनी केवळ या भीतीसाठी आहे : दहा विधाने, प्रत्येकी १ ते ४ गुण. इतर प्रश्नावल्यांत भीतीच्या वाट्याला एखाददुसरा प्रश्न येतो. फेअरबर्न व बेग्लिन यांच्या प्रश्नावलीत (१९९४) मागील २८ दिवसांपैकी किती दिवस ही भीती वाटली, असे विचारतात. एकही दिवस नाही तर ०, १ ते ५ दिवसांना १, रोज वाटल्यास ६. म्हणजे येथे मोजली जाते ती वारंवारता, तीव्रता नव्हे. बारीक होण्याची ओढ, शरीराविषयीची नाराजी आणि ही भीती यांचे गुण बहुधा एकत्रच वरखाली होतात, त्यामुळे भीती हे स्वतंत्र परिमाण मानावे की नाही हा वाद राहतो.

मापनाची खरी अडचण हाँगकाँगमध्ये उघड झाली. तेथील मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अभ्यासलेल्या ७० चिनी रुग्णांपैकी ४१ जणांत ही भीती आढळली नाही. न खाण्याचे कारण ते पोट फुगणे, भूक नसणे असे सांगत. दिल्लीहून १९९५ मध्ये नोंदवलेल्या पाच तरुणींतही शरीरप्रतिमेचा बिघाड (स्वतःचे शरीर आहे त्याहून जाड भासणे) दिसला नव्हता. काही पाश्चात्त्य अभ्यासक याला भीती स्वतःशीच नाकारणे किंवा लपवाछपवी म्हणतात. ली यांच्या मते भीतीचा आग्रह हाच एका संस्कृतीचा ठसा आहे. २०१३ च्या निदानपुस्तिकेने मधला मार्ग काढला : भीती बोलून दाखवली नाही, पण वजन वाढू न देणारे वर्तन सतत दिसले, तरी निकष पुरा होतो. स्वतः भरायच्या प्रश्नावल्या अशा रुग्णाला कमी गुण देतात. तेथे मुलाखत व वर्तनाचे निरीक्षण यांची जोड आवश्यक ठरते.