बाटलीवरचा ‘डेक्स्ट्रो’

कोरड्या खोकल्याच्या औषधाची बाटली घरात असेल, तर मागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याचदा ‘डेक्स्ट्रोमेथॉर्फन हायड्रोब्रोमाइड’ हे नाव सापडेल. डेक्स्ट्रो म्हणजे उजवा. या एका शब्दावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

या रेणूला लेव्होमेथॉर्फन (लेव्हो म्हणजे डावा) नावाचं जुळं भावंड आहे. दोघांत 18 कार्बन, 25 हायड्रोजन, एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन. अणूंची जोडणीही तीच, पण एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात घालून पाहा, म्हणजे फरक कळेल. आपल्या मेंदूतले अफूचे ग्राही, म्हणजे अफूसारखी द्रव्यं जिथे बसतात त्या जागा, याही अशाच एका पायाच्या असतात. लेव्होचं यकृतात लेव्हॉर्फनॉल होतं. ते मॉर्फिनपेक्षा कित्येक पट तीव्र असतं आणि जास्त झालं तर श्वासच थांबवतं. डेक्स्ट्रो त्या ग्राहींत नीट बसत नाही. नेमून दिलेल्या मात्रेत तो फक्त खोकल्याची ढास शमवतो. म्हणूनच अमेरिकेत 1958 साली त्याला चिठ्ठीविना विक्रीची परवानगी मिळाली. अमली पदार्थांवरच्या 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारात लेव्हो यादीत आहे आणि डेक्स्ट्रो नाव घेऊन वगळलेला आहे.

डेक्स्ट्रो मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या, मज्जापेशींचे संदेश घेणाऱ्या ग्राहींनाही अडवतो, पण यकृत त्याचा लवकर निकाल लावतं. हे काम मंदावणारं औषध जोडीला दिलं की तो रक्तात टिकतो. अशा जोड्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली: 2010 मध्ये आवर न घालता येणाऱ्या हसण्या-रडण्यावर आणि 2022 मध्ये नैराश्यावर.

नेहमीच्या पद्धतीनं बनवताना मात्र दोन्ही भावंडं निम्मी-निम्मी तयार होतात. त्यांना वेगळं करायला टार्टारिकसारखं, स्वतःच एका बाजूचं असलेलं आम्ल लागतं. त्याच्याशी झालेल्या दोन क्षारांपैकी एक आधी स्फटिक होऊन खाली बसतो. इथे हलगर्जी झाली तर रेणूचं वजन पाहून चूक कळत नाही. ध्रुवीकृत (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश कुठल्या बाजूला वळतो, हे तपासावंच लागतं.

2012 च्या अखेरीस लाहोर आणि गुजरांवाला इथे खोकल्याच्या औषधानं पन्नासहून अधिक माणसं दगावली. त्यात लेव्हो मिसळलेला निघाला. कच्चा माल महाराष्ट्रातल्या एका कंपनीचा होता, हे मराठी माणूस म्हणून मला आजही बोचतं. पुढच्या वर्षी पॅराग्वेमध्ये मुलं श्वास मंदावून रुग्णालयात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदींतून पाकिस्तानातल्या मालाशी धागा जुळला आणि त्या मुलांना अफूवरचा उतारा, नॅलॉक्सोन, देता आला.